अंगणातली काठी आणि पृथ्वीचा घेर

मुंबईत 15 मेच्या आसपास, दुपारी 12 वाजून 35 मिनिटांच्या सुमारास, गच्चीत सरळ उभी केलेली मीटरभर काठी आपली सावली गिळून टाकते. ऊन रणरणतंय, काठी जागेवर आहे आणि सावली मात्र गायब. दहाच मिनिटं आधी ती दोन बोटं पश्चिमेला होती, आणखी दहा मिनिटांनी दोन बोटं पूर्वेला गेलेली असेल. मधल्या त्या क्षणी सूर्य नेमका डोक्यावर असतो. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या आपल्या सगळ्या गावांना तो वर्षातून दोनदा मिळतो. दिल्लीकरांच्या नशिबी तो कधीच नाही. पणजीत तो मेच्या अगदी सुरुवातीला येतो, कोल्हापुरात पहिल्या आठवड्यात, पुण्यात 13-14 तारखेला, नाशकात 20च्या आसपास आणि नागपुरात शेवटच्या आठवड्यात. सूर्य जणू दिवसाला 25-26 किलोमीटरच्या चालीने महाराष्ट्र चढत जातो.

आता गंमत बघा. मे महिन्यात महाराष्ट्रातल्या शाळांना सुट्टी असते. दुसरा शून्य सावलीचा दिवस मुंबई-पुण्याकडे जुलैअखेर येतो, तेव्हा आभाळ भरलेलं. म्हणजे पाठ्यपुस्तकात सूर्याचं उत्तरायण-दक्षिणायन शिकवणाऱ्या शाळेला ते प्रत्यक्ष दाखवायची सगळ्यात सुंदर वेळ हमखास चुकते. ज्यांची मुलं शाळेत न जाता घरीच शिकतात, त्यांची चुकत नाही.

होमस्कूलिंग करणाऱ्या आईबाबांचा नेहमीचा प्रश्न असतो, ‘हाताने करण्यासारखं काय काय द्यावं?’ लगेच उत्तरांचा पाऊस पडतो. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, थर्माकोलची सूर्यमाला, रंगवलेला किल्ला. ज्वालामुखीवर माझा खास राग आहे. दोन मिनिटं फसफस होते, मूल टाळ्या वाजवतं आणि पुढे विचारायला काहीच उरत नाही. शिवाय खऱ्या ज्वालामुखीशी त्याचा संबंध फक्त आकाराचा. माझ्या मते घरी शिकण्यातला खरा ऐवज साहित्यात नसून वेळेत आहे. शाळेत तास संपल्याची घंटा होते, मग सावली कुठवर गेली हे बघायला कोणी थांबत नाही. घरी तीच सावली दिवसभर, आठवडाभर, अगदी वर्षभर बघता येते. म्हणून जे प्रयोग वेळ मागतात आणि एका विषयात सुरू होऊन दुसऱ्याच विषयात जाऊन पोचतात, ते घरासाठी निवडावेत.

काठीपासूनच सुरुवात करू. एक मीटर लांबीची काठी मातीने भरलेल्या कुंडीत किंवा बादलीत ओळंब्याने सरळ उभी करायची. तिच्याभोवती दोरीने एक मोठं वर्तुळ आखायचं. सकाळी सावली लांब असते, तिचं टोक वर्तुळाबाहेर. ते आक्रसत येऊन ज्या जागी वर्तुळाला शिवेल तिथे खडूची खूण. दुपारनंतर ते पुन्हा बाहेर पडताना शिवेल तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली, तीही होकायंत्राशिवाय. शुल्बसूत्रांच्या काळी यज्ञवेदीची दिशा याच रीतीने ठरवत. त्या रेषेला काटकोनात काठीतून जाणारी रेषा म्हणजे उत्तर-दक्षिण. सावली त्या रेषेवर आली की आपल्या गावची खरी मध्यान्ह झाली.

इथे मूल हमखास अडतं. मध्यान्ह म्हणजे बारा ना? मग घड्याळात 12.35 कसे? या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊ नये. नकाशा काढून द्यावा. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, मुंबई त्याच्या साडेनऊ अंशांहून थोडी जास्त पश्चिमेला आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. गुणाकार केला की जवळपास 39 मिनिटं येतात. (मे महिन्यात त्यातली तीन-चार मिनिटं कमी का होतात, ते पुढे येईलच.) आणि मग सांगावं, की ही 39 मिनिटं मुंबईने सहजासहजी सोडली नव्हती. देशाची प्रमाणवेळ 1906 मध्ये आली, तरी मुंबईत ‘बॉम्बे टाइम’ 1955 पर्यंत टिकून होता. काठीपासून निघालेलं मूल भूगोलातून इतिहासात शिरलं, आणि तेही स्वतःच्या शंकेचं बोट धरून. घरात कुणी पंच्याऐंशीच्या पुढची आजी-आजोबा मंडळी असतील तर दोन वेळांचा तो घोळ त्यांना आठवतो का, हे मुलाला विचारू द्यावं.

पुढची पायरी याहून देखणी आहे. नागपूरला मावसभाऊ आहे, आपण कोल्हापुरात. 21 डिसेंबरला दोघांनी मीटरभर काठीची मध्यान्हीची सावली मोजायची. घड्याळ जुळवायचं कारण नाही, ज्याने त्याने आपल्या गावची मध्यान्ह धरायची. नागपूरची कोल्हापूरच्या जवळजवळ 19 मिनिटं आधी येते. कोल्हापुरात सावली भरेल सुमारे 84 सेंटिमीटर, नागपुरात 98-99. काठी आणि सावली यांचा त्रिकोण कागदावर प्रमाणात काढून कोनमापक लावला, की कोल्हापुरात सूर्य डोक्यापासून साधारण 40 अंश कललेला दिसतो, नागपुरात साडेचव्वेचाळीस. फरक साडेचार अंशांचा. नकाशावर या दोन गावांमधलं निव्वळ दक्षिणोत्तर अंतर मोजायचं, रस्त्याचं नव्हे. ते येतं 495 किलोमीटरच्या जवळपास. साडेचार अंशांना 495, तर 360 अंशांना किती? 39,600 किलोमीटर. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा खरा घेर 40,008 किलोमीटर आहे. दोन काठ्या, एक फोन आणि त्रैराशिक यांच्या जोरावर दोन पोरांनी अख्खी पृथ्वी मोजली आणि चूक झाली ती शेकडा एकची! इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख एराटोस्थेनिस याने हेच केलं होतं. त्याच्या दोन गावांतला फरक वर्तुळाच्या पन्नासाव्या हिश्शाइतका होता, आपला ऐंशीव्या.

मुलांचं उत्तर इतकं नेमकं येईलच असं नाही. सावलीचं टोक पुसट असतं, कोनमापकावर अर्धा अंश इकडेतिकडे होतो आणि घेर 36,000 किंवा 44,000 निघतो. उत्तर दुरुस्त करून देऊ नये. चूक कुठून आली असेल याचा शोध हा प्रयोगाचा निम्मा भाग आहे.

सावलीचं गणित आपल्या मातीतलंही आहे. भास्कराचार्यांच्या 1150 मधल्या लीलावतीत सावल्यांवरची उदाहरणं आहेत, आणि चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आजही आहे. पाटणादेवीला जाणं झालं तर तिथे काठी रोवून एक सावली जरूर मोजावी.

आणि ज्याला वर्षभराचा धीर आहे त्याने रोज नको, दर रविवारी घड्याळाच्या ठरावीक वेळी, समजा 12.30ला, सावलीच्या टोकाची जागा गच्चीवर ऑइलपेंटच्या ठिपक्याने नोंदवावी. अपेक्षा असते की ठिपके एका सरळ रेषेत मागेपुढे सरकतील. पण उमटतो तो लांबुळका इंग्रजी आठचा आकडा! कारण पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची कक्षा थोडी लंबगोल आहे, त्यामुळे सूर्य घड्याळाशी जुळवून घेत नाही. फेब्रुवारीत तो जवळपास 14 मिनिटं मागे पडतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 16 मिनिटं पुढे धावतो. मेमधली ती तीन-चार मिनिटं यातूनच येतात. पावसाळ्यातले ठिपके गळतील, पण ऊन पडेल त्या रविवारी काठीकडे नीट पाहावं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबईत दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. सूर्य नेहमी आपल्या दक्षिणेकडून जातो, असं मोठी माणसंसुद्धा शपथेवर सांगतात.

उन्हाच्या नादाला लागलोच आहोत तर आंब्याच्या झाडाखाली चला. पानांच्या फटींतून जमिनीवर पडलेले उजेडाचे ठिपके गोल का असतात? फटी तर वेड्यावाकड्या असतात. त्या ठिपक्यांतला प्रत्येक गोल म्हणजे सूर्याची प्रतिमा आहे. खंडग्रास सूर्यग्रहण असलं की त्याच झाडाखाली शेकडो चंद्रकोरी पसरतात. हे घरात मोजायचं तर खिशातल्या आरशावर काळा कागद चिकटवा, मधोमध एक सेंटिमीटरचं भोक ठेवा आणि खिडकीतल्या उन्हाचा कवडसा समोरच्या अंधाऱ्या भिंतीवर पाडा. भिंत 20 मीटर लांब असेल तर कवडसा साधारण 18-19 सेंटिमीटर रुंद येतो. भोक एक सेंटिमीटरचं आणि प्रतिमा वीतभर! सूर्य 15 कोटी किलोमीटरवर आहे एवढं सांगा, त्याचा व्यास मूल स्वतः काढेल. तो 14 लाख किलोमीटरच्या घरात येतो. मात्र सूर्याकडे किंवा आरशात थेट बघायचं नाही आणि कवडसा कुणाच्या डोळ्यांवर मारायचा नाही. इथे सवलत नाही.

आता स्वयंपाकघरात. कपड्यावर हळदीचा डाग पडला की घरातलं कुणीतरी म्हणतं, साबणाने धू आणि उन्हात टाक. या एका वाक्यात दोन प्रयोग आहेत. साबण लागताच डाग लाल होतो, कारण हळदीतलं कुरकुमिन अल्कलीत रंग बदलतं. मुका मार लागल्यावर हळद-चुन्याचा लेप लालभडक दिसतो तोही त्यामुळेच. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. हळद लावून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या केल्या की ताक, चिंचेचं पाणी, खायचा सोडा, साबण, राख असं घरभर काहीही तपासता येतं. यात एक मेख आहे. हळद फक्त अल्कली ओळखते. ताक आणि साधं पाणी यांत तिला फरक कळत नाही, दोन्हीकडे ती पिवळीच. ही उणीव मुलाच्या लक्षात येऊ द्यावी आणि मगच जास्वंदीकडे किंवा गोकर्णाकडे वळावं. गोकर्णाचं निळं पाणी लिंबाने जांभळं-गुलाबी होतं, म्हणजे आम्लाची बाजू ते सांभाळतं.

दुसरा प्रयोग उन्हाचा. कुरकुमिन उजेडात उडून जातं, म्हणून डाग फिका पडतो. मग हळदीने फोटो का काढू नये? चमचाभर हळद सॅनिटायझरसारख्या अल्कोहोलात घोळवून गाळून घ्या. मोठ्यांनी सोबत असावं, गॅस बंद असावा. ते पिवळं द्रव जाड कागदावर ब्रशने लावून अंधारात वाळवा. त्यावर पिंपळाचं किंवा नेच्याचं पान ठेवा, वर काच दाबा आणि काही तास कडक उन्हात सोडा. पान उचललं की त्याच्या जागी पिवळी आकृती उरलेली असते, भोवतालचा कागद फिकुटलेला. आता खायच्या सोड्याचं पाणी फिरवा. पिवळं पान झर्रकन तांबूस-तपकिरी होऊन उठून येतं. पहिला प्रयोग दुसऱ्याच्या मदतीला आला. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल 1842 मध्ये फुला-पानांच्या रसांवर असेच उन्हाचे छाप घेत होता. या चित्राला कायमचं आयुष्य नसतं, भिंतीवर टांगलं तर तेही हळूहळू उडतं. किती दिवसांत, ते मुलाने नोंदवावं.

गणितासाठी माळ्यावरची जुनी मापं काढा. पितळी शेर, मापटं, चिपटं अजून बऱ्याच घरांत पडून आहेत. नसतील तर बाटल्या कापून करता येतात. गावागणिक मापांत फरक असे, पण चाल ठरलेली होती. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. मुलापुढे तांदळाची परात ठेवून विचारायचं, प्रत्येक माप जास्तीत जास्त एकदाच वापरून तेरा निळवी तांदूळ मोजता येतील? मापटं, चिपटं आणि निळवं. आठ, चार, एक. आणि एकोणीस? शेर, कोळवं, निळवं. थोड्या वेळात मूल ओरडतं, की कुठलीही संख्या जमते! खरंच जमते. सात मापांत 1 ते 127 पर्यंत प्रत्येक संख्या येते आणि ती एकाच रीतीने येते. जे माप वापरलं त्याखाली 1 लिहा, न वापरलेल्याखाली 0. तेराचे झाले 1101. संगणक संख्या लिहितो ती हीच पद्धत. आपली पणजी दाणे मोजताना द्विमान पद्धत वापरत होती, हे कळल्यावर मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो. मोठ्यांचाही होतो.

मटकीचं तर विचारूच नका. उसळीसाठी भिजवलेली मूठभर बाजूला काढा. काचेच्या ग्लासाला आतून ओला टीपकागद लावा आणि काच व कागद यांच्यामध्ये चार-पाच दाणे अडकवा, कुणी उभा, कुणी आडवा, कुणी उलटा. मूळ कुठल्याही बाजूने निघालं तरी ते वळून खालीच जातं. मग ग्लास आडवा करून ठेवा. काही तासांत मुळाचं टोक पुन्हा खाली वळलेलं असतं. पुन्हा फिरवा, पुन्हा वळेल. मुळाला ‘खाली’ कुठून कळतं? चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी 1880 मध्ये वनस्पतींच्या हालचालींवरच्या पुस्तकात हाच प्रश्न छेडला. मुळाचं अगदी टोक कापलं तर ते वाढतं, पण वळायचं विसरतं, असं त्यांना दिसलं. धारदार ब्लेडने मिलिमीटरभर टोक मोठ्यांनी कापून द्यावं, बाकीचं मुलाने पाहावं. टोकातल्या पेशींत पिठुळ पदार्थाचे, म्हणजे स्टार्चचे, सूक्ष्म कण असतात. ते वजनाने पेशीच्या तळाशी बसतात आणि तळ कुठला हे रोपट्याला त्यावरून समजतं.

महागड्या किटशिवाय हे सगळं करण्याची वाट आपल्याकडे जुनीच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी माँटेसरीची साधनं बाजूला ठेवून दगड, बिया, पानं, बांबू वापरले. अरविंद गुप्तांनी काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबपासून भूमितीचे सांगाडे उभे केले. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून खेळण्यांचा ढीग उभा केला. ती शोधिका पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून उभी राहिली, हेही मुलांना सांगण्यासारखं आहे. गुप्तांची पुस्तकं आणि व्हिडिओ मराठीतही फुकट मिळतात.

हात चालतात म्हणून डोकं चालतंच असं मात्र नाही. मुलं तासन्‌तास कापतात, चिकटवतात, रंगवतात आणि मनात काहीच हलत नाही. यावर एकच उपाय मला भरवशाचा वाटतो. प्रयोगाआधी मुलाने अंदाज लिहायचा. सावली कुठे पडेल, पट्टी कुठला रंग घेईल, मूळ कुठे वळेल, हे तारीख-वेळेसह आणि पुसता न येणाऱ्या पेनाने. अंदाज लिहिला की मुलाचा त्यात जीव अडकतो. चुकला तर का चुकला हे शोधायला त्याला कुणी सांगावं लागत नाही. भाषेचा अभ्यासही इथेच होतो, कारण ‘सावली कमी झाली’ आणि ‘सावली चार बोटं आखडून उत्तरेकडे वळली’ यांतला फरक पाहिलेलं शब्दांत मांडतानाच कळतो. आपण मोठ्यांनी उत्तर माहीत असूनही गप्प बसावं. ते जास्त अवघड आहे.

राहिली परीक्षा. नातेवाईक पहिला प्रश्न तोच विचारतात, तेव्हा सांगून टाकू. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खासगी विद्यार्थी म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरून बसता येतं, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्गही आहे. अटी आणि तारखा बदलत राहतात, त्या त्या वर्षी मंडळाकडूनच खात्री करून घ्यावी. शेवटची एक-दोन वर्षं त्या तयारीला द्यावी लागतील, त्यात कमीपणा नाही. त्याआधीची सगळी वर्षं तुमची आहेत. मूल शाळेत जात असलं तरी रविवार आणि मे महिना तुमचाच आहे. येत्या रविवारी दोनशे पानी वही घ्या, पहिल्या पानावर तारीख घाला आणि आज बारा वाजता सावली किती लांब असेल, याचा अंदाज मुलाला लिहायला सांगा. शेजारी तुमचाही लिहा.